सतरा नंबरचा ठसा

जिन्यात दादा दिसला तेव्हाच चिंगहुईला कळलं, की हा कचरा टाकायला खाली आलेला नाही. हातात कचऱ्याची पिशवी होती खरी, पण ती अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. आणि देशेंग, कारखान्याच्या सगळ्या वेल्डिंग विभागावर हुकूम चालवणारा माणूस, घरात आपणहून कचरा उचलतो हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

वरचं दार लागलंय ना ते त्यानं वळून पाहिलं आणि थेट विषयाला हात घातला. उद्याच्या बैठकीत तिनं एवढंच म्हणायचं होतं, की तिच्या वेल्डिंगच्या तारेच्या या खेपेत काहीतरी कमीजास्त झालं असावं. पुन्हा वितळवू, पुन्हा ओढू, पुन्हा बघू. संशोधन म्हटलं की असं चालायचंच, त्यासाठी तिला कुणी फासावर देणार नव्हतं.

"आणि मी तसं नाही म्हटलं तर?"

"तर बोवेनचा हात वाईट ठरतो. अणुभट्टीच्या कामाचा परवाना एकदा गेला की गेला, चिंग. तुला दुसरी तार करता येईल. मी दुसरा मुलगा कुठून आणू?"

"तार वाईट नाहीये, दादा."

"मग माझा पोरगा वाईट?"

बोवेनला या कामासाठी तिनंच मागून घेतलं होतं. भाचा म्हणून नव्हे, तर अख्ख्या कारखान्यात त्याच्याइतका शांत हात दुसऱ्या कुणाचा नव्हता म्हणून.

अणुभट्टीचं जाडजूड पोलादी भांडं आणि त्यातून निघणारा नळ यांचा जो सांधा असतो, तिथंच आजवर सगळ्यांचं घोडं पेंड खात आलं होतं. वरून सांधा आरशासारखा दिसायचा, आणि कापून पाहिला की आत केसाएवढ्या भेगा. त्या पडू नयेत म्हणून वेल्डिंगची तार परदेशातून आणावी लागे. चिंगहुईनं आपल्या संशोधन संस्थेच्या भट्टीत निकेल आणि क्रोमियमची स्वतःची तार घडवली होती, चिमूटभर नायोबियम घातलेली, भेगांना दाद न देणारी. त्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली, लग्नही त्यातच राहून गेलं असं कॉलनीतल्या बायका म्हणत. गेल्या महिन्यात बोवेननं त्याच तारेनं चाचणीचा सांधा भरला होता. कापल्यावर त्यात भेगा निघाल्या. आता एकतर तार खोटी, नाहीतर हात खोटा. तार खोटी ठरली तर काम कायमचं गुंडाळायचं आणि परदेशी माल मागवायचा, हे वरच्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"बाबांसमोर विषय काढू नकोस," देशेंग म्हणाला, आणि पिशवी तशीच हातात घेऊन पुन्हा वर चढला.

वर घरात रेडिएटर धगधगत होते, खिडक्यांवर बर्फाची जाळी चढली होती, आणि आंबवलेल्या कोबीचा वास जिन्यापर्यंत येत होता. आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. या दिवशी च्याओझ, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून उकडलेले कानवले, खाल्ले नाहीत तर थंडीनं कान गळून पडतात, असं आई म्हणायची. आई जाऊन दोन हिवाळे झाले होते, पण कान वाचवायला सगळे अजून इथंच जमत.

बाबा टेबलापाशी बसून पारीच्या कडा दाबत होते. लुआन छांगशान, सतरा नंबर. कारखान्यात प्रत्येक वेल्डरला पोलादी ठसा मिळतो, त्यावर त्याचा नंबर. सांधा भरून झाला की शेजारी हातोड्यानं तो ठसा ठोकायचा, म्हणजे पन्नास वर्षांनी फुटला तरी कुणाचा हात होता ते कळतं. ज्याचा हात, त्याचा ठसा. हे वाक्य दोन्ही मुलांनी अंगाईसारखं ऐकलं होतं. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं बाबांना तो ठसा लाल मखमली डबीत घालून दिला. त्यांनी डबी फेकली आणि ठसा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला.

दरवर्षी या दिवशी ते एकाच च्याओझच्या काठावर तो सतराचा ठसा उमटवत. ज्याच्या वाटीत तो येईल त्याचं वर्ष भाग्याचं. लहानपणी तो नेहमी देशेंगच्या वाटीत यायचा, कसा ते बाबांनाच ठाऊक. पुढं तो बोवेनच्या वाटीत येऊ लागला. चिंगहुईला तो एकदाही मिळाला नव्हता. "पुढच्या वर्षी हं," असं आई म्हणायची. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे आठवलं की तिला हसूच यायचं, बहुतेक वेळा.

"आलीस?" बाबा वर न बघता म्हणाले. "बस. गार होतील."

बोवेन कोपऱ्यात बसला होता. त्याचे डोळे खोल गेले होते. आत्याला त्यानं वाटी दिली, व्हिनेगर दिलं, पण नजर दिली नाही. गुइलानवहिनी स्वयंपाकघरातून वाफाळती ताटं आणत होती आणि कुणाशीच बोलत नव्हती. अळीमिळी गुपचिळी, असा सगळा मामला. दोन घास झाले, चार घास झाले, लसणाच्या पाकळ्या फिरल्या. सगळ्यांनी मनाशी ठरवलं होतं, की जेवण मुकाट्यानं पार पाडायचं.

फक्त बाबांनी तसं ठरवलं नव्हतं. गरम केलेल्या दारूचा पहिला घोट त्यांनी घेतला, पेला ठेवला आणि म्हणाले, की भांडण आणि पोलाद दोन्ही एकाच बैठकीत संपवायचं असतं. मध्ये गार पडू दिलं की तडकतं. तेव्हा उद्याच्या बैठकीचं काय ते इथंच बोलून टाका.

देशेंगनं विषय टाळायचा प्रयत्न केला. कारखान्याच्या गोष्टी कारखान्यात, आज सणाचा दिवस, वगैरे. बाबांनी त्याला हातानंच गप्प केलं.

"हात चांगला होता," ते म्हणाले. "मी बघितलाय. तेव्हा दोष तारेचा. चिंग, तुला वाईट वाटेल, पण खरं ते खरं."

"तुम्ही कधी बघितला, बाबा?" तिनं विचारलं.

"कधी म्हणजे? त्याच दिवशी. शेजारीच तर उभा होतो."

देशेंगच्या हातातल्या जेवणाच्या काड्या थांबल्या. तो घाईघाईनं म्हणाला, की बाबा, ही दारू संपली, दुसरी काढू का. पण बाबा आता रंगात आले होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांना कामाचं विचारत होतं. ते बोवेनच्या हाताचं कौतुक करू लागले. कसा एकसारखा थर टाकतो, श्वास कसा धरतो, अगदी आपल्यावर गेलाय. फक्त त्या दिवशी कारखान्याचं मोठं दार माल आत घ्यायला उघडं ठेवलं होतं. नदीवरून वारा असा येत होता, की नाक जागेवर आहे की नाही ते चाचपून बघावं. आणि हा पोरगा एक थर टाकतो आणि वाट बघत बसतो, पुन्हा थर टाकतो आणि पुन्हा वाट बघतो.

"मी सांध्याला हात लावला. मेलेल्या माणसासारखा गार. म्हटलं, अरे, असं पोलाद गार पडू देतात का? मग मीच गॅसचा बर्नर घेतला आणि दर थराच्या मध्ये त्याला ऊब दिली. लहान मूल शेकावं तसं शेकलं. एवढं करूनही जर तार तडकली, तर तारच कुचकामी नाही का?"

बोवेननं मान खाली घातली होती.

चिंगहुईच्या डोळ्यांपुढं सगळं लख्ख उभं राहिलं. पोलादाला ऊब लागते, निकेलला ती सोसत नाही. निकेलचा सांधा थरागणिक थंड व्हावा लागतो, हात टेकवता येईल इतका, तेव्हाच पुढचा थर. नाहीतर तो लाल तापात रेंगाळतो, ठिसूळ होतो आणि आतल्या आत उलतो. तिच्या तारेनं दुप्पट छळ सोसला असता, पण तासन् तास शेकलं तर कोण सोसेल? तार खोटी नव्हती. हातही खोटा नव्हता.

तिनं दादाकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

म्हणजे याला ठाऊक होतं. निवृत्त माणसाला त्या विभागात पाऊलसुद्धा टाकता येत नाही, माशीलासुद्धा तिथं परवानगी लागते. बाबांना आत नेलं असणार ते यानंच. बाप रोज सकाळी फाटकापर्यंत चालत जातो, आत बघतो आणि परत येतो, ते याला बघवलं नाही. दिली डोक्यावर कामगाराची टोपी, नेलं आत. आणि आता स्वतःची खुर्ची वाचवायला याला बहिणीची तार हवी होती. मघाशी जिन्यात मुलाचं नाव पुढं केलं, पण मुलाच्या आड हा स्वतःच लपला होता. चिंगहुईला इतका संताप आला, की हातातली वाटी टेबलावर ठेवावी लागली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "सगळ्यांच्या तोंडाला कुलूप का?"

"आजोबा, चूक माझी होती," बोवेन म्हणाला. "माझाच हात हलला. उद्या तसंच सांगणार आहे मी."

"गाढवा, मी शेजारी उभा होतो. तुझा हात हलला असता तर मला दिसला नसता?"

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. बाबा, तुम्ही शेकलंत म्हणून तडकलं. एवढंच. त्यात तार वाचत होती, पोरगा वाचत होता. पण समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा बसले होते, गालावर दारूची लाली, आयुष्यात ज्याचा एकही सांधा तडकला नाही असा माणूस. आई गेल्यापासून त्यांच्याकडं दुसरं काय उरलं होतं? नासपती आणते असं काहीतरी पुटपुटून चिंगहुई उठली.

स्वयंपाकघरात वहिनी ओट्यावरच्या पातेल्यावर वाकली होती. गोठवलेल्या नासपती, बाहेरच्या गॅलरीतून आत आणलेल्या, काळ्या आणि दगडासारख्या कडक, थंड पाण्यात बुडत होत्या. वहिनी या घरात आली तेव्हापासून तिनं कधी कुणाची बाजू मोठ्यानं घेतली नव्हती. सासू आणि नवरा भांडले तर ती भांडी घासायची, नवरा आणि नणंद भांडले तर कपडे वाळत घालायची.

"कळलं ना तुला?" तिनं हळूच विचारलं.

"तुला आधीच ठाऊक होतं, वहिनी?"

बोवेननं आईलाच सांगितलं होतं. आठ दिवस पोरगा नीट झोपला नव्हता. आजोबांचं नाव घेणार नाही म्हणाला, जीव गेला तरी. आणि नवऱ्यानं तंबी दिली होती, की तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

"तू सांग त्यांना," वहिनी म्हणाली. "तू मुलगी आहेस."

"मला नाही जमत. खचून जातील ते."

वहिनीनं गॅसवरची उकळती किटली उचलली आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, नासपती अजून दगडच आहेत. गरम पाणी ओततेय हं, लवकर होतील."

बाहेर खुर्ची मागं सरकली. बाबा जेवढ्या चपळाईनं स्वयंपाकघरात आले तेवढे ते गेल्या वर्षभरात हलले नव्हते. त्यांनी सुनेच्या हातातली किटली काढूनच घेतली.

"अक्कल गहाण टाकलीस का, गुइलान? गोठलेल्या नासपतीवर गरम पाणी? वरून लगदा होतो आणि आत दगड तसाच. तिला थंड पाण्यातच ठेवायचं, आपली थंडी ती आपणच बाहेर टाकते. बर्फाचं कवच धरलं की समजायचं झाली. तीस वर्षं झाली तुला या घरात येऊन."

"चुकलं, बाबा," वहिनी मान खाली घालून म्हणाली. "म्हटलं, ऊब दिली की बरंच होईल."

तिनं नणंदेकडं एकदाच पाहिलं आणि बाजूला झाली. तेव्हा कुठं चिंगहुईला समजलं. ही बाई दर हिवाळ्यात नासपती थंड पाण्यात घालत आली होती. तिनं आज प्रथमच बाजू घेतली होती, तीही अशी.

"बाबा," चिंगहुई म्हणाली. "माझ्या तारेचंही तसंच आहे."

बाबांना आधी कळलं नाही. मग कळलं, पण पटलं नाही. ते म्हणाले, की बोवेनसुद्धा त्या दिवशी असंच काहीतरी म्हणत होता, आजोबा, ही पोलादाची जात नाही, हात टेकेल इतकं गार व्हावं लागतं. "मग मी टेकवला की हात. दर वेळी टेकवला. गारच होतं, चिंग. तुझी शपथ, गार होतं."

तिची नजर खाली गेली होती. वहिनीचीही.

किटलीची मूठ बाबांनी धरलीच नव्हती. उकळत्या किटलीचं पोट त्यांनी उजव्या पंजात धरलं होतं, वर वाफ येत होती, आणि ते आरामात बोलत उभे होते. ठिणग्यांनी, तापल्या लोखंडानं आणि चाळीस हिवाळ्यांनी तो तळवा चामड्याचा झाला होता. त्याला आता काहीच कळत नव्हतं.

बाबांनी त्यांच्या नजरेमागोमाग खाली पाहिलं. मग किटली ओट्यावर ठेवली, तळवा उलटा करून बघितला आणि पायजम्याला पुसला.

ते बाहेर येऊन आपल्या जागी बसले तेव्हा देशेंग उभाच होता. आत काय झालं ते त्याला ऐकू गेलं होतं. बाबांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ते नातवाला म्हणाले, "तुला माहीत होतं, सांधा गार झालेला नाही ते?"

"हो, आजोबा."

"मग माझा हात का नाही धरलास?"

"तुमचा हात कसा धरणार, आजोबा?" बोवेनच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळे बघत होते. लुआन उस्ताद म्हणून सगळे उठून उभे राहिले होते. नंतरही कुणी तुमचं नाव काढलं नाही."

"आजोबाचा हात धरवत नाही, तर अणुभट्टीचा सांधा काय धरशील?" बाबा म्हणाले. त्या सबंध दुपारी ते एवढ्या एकाच गोष्टीवर खरोखर चिडले. "त्या भांड्याला उस्ताद कळतो का? उद्या ते भट्टीत बसलं असतं तर?"

देशेंग मध्ये पडला. उद्या काही बोलायचं नाही, मी सांभाळून घेतो, असं तो म्हणू लागला. चाचणीचाच सांधा होता, बसणार कुठंच नव्हता. बाबांचं नाव निघालं तर फाटकाच्या आसपाससुद्धा कुणी फिरकू देणार नाही. कारखान्याच्या भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवतील. लोक काय म्हणतील?

"म्हणतील, म्हाताऱ्यानं हात घातला," बाबा म्हणाले. "घातलाच होता." त्यांनी खिशातून किल्ल्यांचं जुडगं काढलं आणि ठसा सोडवायला लागले. कडी घट्ट होती, बोटं ऐकत नव्हती. बोवेन पुढं झाला, त्याला त्यांनी थांबवलं. "त्या सांध्याशेजारी एकट्या बोवेनचा ठसा आहे, ते खोटं आहे. उद्या मी येतो. त्याच्याशेजारी सतरा नंबर ठोकायचा. ज्याचा हात, त्याचा ठसा."

"आणि मी, बाबा?" देशेंगनं विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तुम्हाला आत कुणी आणलं हे पहिलं विचारतील. माझी खुर्ची जाईल."

"फाटक तू उघडलंस. माझ्यासाठी उघडलंस, ते मी विसरणार नाही. पण त्यात तुझाही हात आहे, देशेंग."

देशेंग खाली बसला. त्याला बहिणीकडं बघवेना. चिंगहुईचा राग अजून गेला नव्हता, आणि तो लवकर जाणारही नव्हता. पण तिच्या लक्षात आलं, की दादाचे केस मागं पार पांढरे झालेत. बापाला एकदा आत नेऊन आणण्याच्या मायेपायी याची आयुष्यभराची कमाई उद्या जाणार होती. थोड्या वेळानं देशेंगनंच बाटली घेतली आणि बाबांचा पेला भरला. थेंबही सांडू दिला नाही.

वहिनी नासपतीचं पातेलं घेऊन आली. एकेका फळाभोवती बर्फाचं पातळ कवच धरलं होतं. तिनं ते मधोमध ठेवलं आणि आज प्रथमच सगळ्यांच्या आधी स्वतः खुर्ची ओढून बसली.

"कापलेल्या चकत्या तू बघितल्यास?" बाबांनी चिंगहुईला विचारलं. "भेगा केवढ्या होत्या?"

"केसाएवढ्या. त्याहून बारीक. भिंगाखाली दिसतात."

"सगळ्या थरांत?"

"नाही. मधल्या चार-दोन थरांत."

बाबांनी मान हलवली. ते हिशेब करत होते, किती थर, किती वेळ ज्योत, किती ताप. आयुष्यभर केलेला हिशेब. फक्त धातू दुसरा होता.

"मी एवढं शेकलं," ते म्हणाले, "दिवसभर शेकलं, आणि केसाएवढी भेग? परदेशी तार असती तर उभी फाटली असती." मग त्यांनी तिच्याकडं पाहिलं. "तार चांगली आहे, चिंग. उद्या हेही मीच सांगणार. माझ्याहून जास्त छळ तिचा कुणी केलेला नाही."

तिनं ही तार हातात घेतल्यापासून बाबा तिला एकदाही चांगली म्हणाले नव्हते. प्रयोगशाळेतलं खेळणं म्हणायचे. चिंगहुईनं ओठ घट्ट मिटून घेतले, तरी रडू आलंच. तिनं ते लपवलं नाही.

च्याओझचं ताट अजून अर्धं भरलेलं होतं. बाबांनी काड्या घेतल्या, ताटात शोधलं, दोन बाजूला सारले, तिसरा उचलला. काठावर सतरा उमटलेला होता, पीठ वाळून आकडा अधिकच ठसठशीत झालेला. त्यांनी तो बोवेनकडं नेला नाही. टेबलावरून हात लांब करून तिच्या वाटीत ठेवला.

"गार झालाय," ते म्हणाले. "गुइलान, हा जरा गरम करून दे तिला."

"नको, बाबा," चिंगहुई म्हणाली. "राहू द्या तसाच."

आणि तिनं तो गारच खाल्ला.